लहान मुलाला भूल देताना सलाईन किती? ओटीतल्या पहिल्या महिन्यांसाठी

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा, "नऊ किलोच्या पोराला मेंटेनन्स किती?" मेंटेनन्स म्हणजे शरीराला रोजच्या गरजेपुरतं लागणारं पाणी. उत्तर तयार असतं: "तासाला छत्तीस मिली, सर." मग विचारा, "बरं, हा समोर झोपलाय त्याला आता पहिल्या तासात किती सोडणार?" इथे नजर ड्रिप स्टँडकडे जाते. पाठ केलेल्या सूत्राचा आकडा आणि समोरच्या पोराला लागणारं पाणी यांत बरंच अंतर असतं. ते अंतर कसं कापायचं, एवढंच या लेखात आहे. बालशस्त्रक्रियेच्या ओटीत नुकतेच उभे राहू लागलेल्या भूल विभागातल्या रेसिडेंटसाठी लिहितोय. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल आणि शेजारी उभा असलेला सीनियर यांचा शब्द अर्थातच शेवटचा.

सोबत एक रुग्ण घेऊ. दीड वर्षाचा मुलगा, हायपोस्पेडियासची (लघवीचं छिद्र जागेवर नसण्याच्या जन्मजात दोषाची) शस्त्रक्रिया, लिस्टमध्ये पहिला नंबर. जनरल ॲनेस्थेशिया (पूर्ण भूल) आणि कॉडल ब्लॉक (माकडहाडाजवळून इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणं) असं ठरलंय. केस पेपरवर लिहिलंय: वजन १० किलो, रात्री १० पासून उपाशी. या दोन्ही नोंदी चुकीच्या निघणार आहेत.

आधी वजन

वजन स्वतः करा. वॉर्डात बहुतेकदा अंगावर स्वेटर, पायात चांदीचे वाळे आणि ओला डायपर असतो. शिवाय लिहिणारा ९.३ चं सरळ १० करून टाकतो. आमच्या पोराचं कपडे काढून भरलं ९ किलो. मोठ्या माणसात किलोभर इकडेतिकडे झालं तर कुणाला कळतही नाही. इथे मात्र तो दहा टक्क्यांचा फरक आहे, आणि तो फ्लुइडपुरता थांबत नाही. औषधांच्या प्रत्येक डोसात शिरतो.

काटाच नसेल तर वयावरून अंदाज बांधायचं जुनं सूत्र आहे: वयात ४ मिळवा आणि दुप्पट करा. पाच वर्षांच्या मुलाचं येतं १८ किलो. पण आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांमध्ये पाच वर्षांची १३-१४ किलोची पोरगी नवलाची नाही. तिला १८ किलो धरून हिशेब केलात तर पहिल्याच पायरीला घसरलात. सूत्र आणीबाणीसाठी ठेवा, ठरलेल्या लिस्टला काटाच हवा.

मग आईशी बोला

केस पेपरवरचं 'रात्री १० पासून उपाशी' हे सिस्टरनी काय सांगितलं त्याची नोंद असते, मुलानं काय केलं त्याची नव्हे. म्हणून आईलाच विचारा, आणि विचारताना दरडावू नका, नाहीतर ती घाबरून "काहीच नाही दिलं" म्हणेल. मी साधारण असं विचारतो: "ताई, रात्री उठला होता का? पाजलंत का? किती वाजले होते? सकाळी पाणी?" आमच्या पोराच्या आईनं आधी आजीकडे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "साडेचारला अंगावर पाजलं, लई रडत होता." सकाळी साडेसहाला चार चमचे पाणी. इंडक्शन, म्हणजे भूल चढवायला सुरुवात, साडेआठला. म्हणजे दुधाला चार तास आणि पाण्याला दोन तास झालेले. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम आहे स्वच्छ द्रव २ तास, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. त्यात हे पोर बसतं. युरोपातल्या २०२२च्या सूचना याहून सैल आहेत: स्वच्छ द्रव १ तास, आईचं दूध ३ तास, फॉर्म्युला ४ तास, घन आहार ६ तास. तुमच्या विभागात कोणता नियम चालतो ते आधी विचारून घ्या.

स्वच्छ द्रव म्हणजे काय, हेही फोड करून सांगावं लागतं. पाणी, साखरपाणी, शहाळ्याचं पाणी, गर नसलेला गाळलेला सफरचंदाचा रस चालतो. पेज चालत नाही, दुधाचा चहा चालत नाही. "पेज म्हणजे पाणीच की" हे मी इतक्या आज्यांकडून ऐकलंय की आता मीच आधी विचारतो.

खरा घोळ होतो लिस्टमधल्या तिसऱ्या-चौथ्या मुलाचा. सगळ्यांना सरसकट रात्री १२ पासून उपाशी ठेवलेलं असतं आणि याचा नंबर लागतो दुपारी एकला. तेरा तास कोरडं राहिलेलं पोर चिडलेलं असतं, त्याच्या शिरा सापडत नाहीत आणि इंडक्शनला बीपी घसरतं. याला सर्वात स्वस्त उपाय म्हणजे सकाळी लिस्ट हातात आली की वॉर्डात फोन करायचा: "चौथ्या नंबरच्या मुलीला आत्ता पाणी द्या, किलोमागे ३ मिलीपर्यंत, आणि वेळ लिहून ठेवा." तो एक फोन केलात तर ओटीतला निम्मा हिशेब आधीच मिटतो.

आता गणित, तीन तऱ्हांनी

मेंटेनन्सचं ४-२-१ सर्वांना पाठ असतं: पहिल्या १० किलोंना किलोमागे तासाला ४ मिली, पुढच्या १० किलोंना २, त्यापुढच्या प्रत्येक किलोला १. म्हणजे २४ किलोच्या मुलीला ४० अधिक २० अधिक ४, तासाला ६४ मिली. हे आलं हॉलिडे आणि सेगर यांच्या १९५७च्या मांडणीतून. त्यांनी इस्पितळातलं मूल दिवसाला किती उष्मांक खर्च करतं ते पाहिलं, १०० उष्मांकांमागे १०० मिली पाणी धरलं, आणि दिवसाचा हिशेब १००-५०-२० असा मांडला. त्याला २४ने भागून सोयीसाठी ४-२-१ झालं. मुळात ही वॉर्डातल्या मुलाची गोष्ट आहे. पोट उघडून, व्हेंटिलेटरवर, सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू घेत पडलेल्या मुलाचा विचार त्यात नव्हता, हे लक्षात असू द्या.

दुसरा भाग उपासाच्या तुटीचा. १९७५ साली फरमन यांनी सुचवलेली पद्धत अशी: तासाचा मेंटेनन्स गुणिले उपासाचे तास, त्यातली निम्मी तूट पहिल्या तासात भरा, उरलेली निम्मी-निम्मी करून पुढच्या दोन तासांत. १९८६ साली बेरी यांनी हे सोपं केलं: ३ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्या तासात किलोमागे २५ मिली, त्याहून मोठ्याला १५ मिली. आणि तिसरी, आजची युरोपीय पद्धत: तुटीचे तुकडे करत बसू नका, संतुलित द्रव (ज्यातले क्षार रक्ताच्या जवळपास असतात) किलोमागे तासाला १० मिलीनं सुरू करा आणि मूल पाहून कमीजास्त करा.

आमच्या ९ किलोच्या पोराला तिन्ही लावून बघू.

केस पेपर खरा मानला तर उपास साडेदहा तासांचा. ३६ गुणिले साडेदहा, ३७८ मिली. निम्मे १८९, त्यात त्या तासाचे ३६ मिळवले की पहिल्या तासात २२५ मिली. बेरींच्या सूत्रानंही २५ गुणिले ९, पुन्हा २२५. दोन पद्धतींचं उत्तर सारखं आलं की माणसाला उगाच धीर येतो. पण आईचं ऐकलं तर उपास चार तासांचा. तूट १४४, निम्मी ७२, अधिक ३६, म्हणजे १०८ मिली. आणि युरोपीय पद्धतीनं ९०.

एकाच पोराला २२५ आणि ९०. त्यातले ११७ मिली निव्वळ एका प्रश्नावर अवलंबून होते: "रात्री पाजलंत का?" मी ९० नं सुरुवात करतो. कमी पडलं तर दहा मिनिटांत भरून काढता येतं. जास्त गेलेलं शिरेतून परत ओढता येत नाही.

जुन्या तक्त्यांत आणखी एक रकाना असतो, 'थर्ड स्पेस'चा, म्हणजे शस्त्रक्रियेत ऊतींमध्ये झिरपून जाणाऱ्या पाण्याचा: हर्निया, सुंता अशा वरवरच्या कामाला किलोमागे तासाला १ ते २ मिली, पोट पूर्ण उघडलं तर ६ ते १०, आणि नवजात बाळाचं आतडं सडलेलं असेल तर अगदी ५० पर्यंत. परीक्षेत लिहा. ओटीत हे आकडे डोळे झाकून सोडू नका. पोट उघडं असेल तर जास्त लागणार एवढी पूर्वसूचना त्यातून घ्या आणि पुढे मुलाला विचारा. कसं विचारायचं ते खाली येतंयच.

बाटली कोणती

इथे मी थोडा हट्टी आहे. आपल्याकडच्या बालरोग वॉर्डात 'आयसो-पी' ही सलाईनची बाटली वर्षानुवर्षं हाताशी असते. तिच्यात लिटरमागे सोडियम जेमतेम २५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास, पोटॅशियम २० च्या जवळ, आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज). रक्तातलं सोडियम १४० च्या घरात. ग्लुकोज शरीरानं वापरलं की मागे उरतं ते जवळपास साधं पाणी. शस्त्रक्रियेच्या वेळी दुखणं, मळमळ, ताण आणि ओपिऑइड औषधं यांमुळे पाणी धरून ठेवायला लावणारं एडीएच हार्मोन वाढलेलं असतं, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. मोठ्या माणसाच्या कवटीत मेंदूभोवती थोडी तरी जागा असते. मुलाचा मेंदू कवटीच्या मानानं मोठा, त्याला फुगायला जागा नाही. ब्रिटनमध्ये अशाच पातळ द्रवांबद्दल २००७ साली देशभर इशारा काढावा लागला. अमेरिकन बालरोग अकादमीनं २०१८ साली २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मेंटेनन्सलाही आयसोटॉनिक (रक्ताइतकं सोडियम असलेला) द्रवच द्या असं स्पष्ट सांगितलं. ओटीत आयसो-पी लटकवू नका. बोलसला (एकदम झटपट द्यायच्या डोसाला) तर मुळीच नाही.

मग काय लावायचं? रिंगर लॅक्टेट, म्हणजेच आरएल. सोडियम १३० च्या आसपास, आपल्या प्रत्येक ओटीत मिळतं, स्वस्त. ॲसिटेट असलेला संतुलित द्रव असेल तर उत्तम, त्यात सोडियम १४० असतं. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराईड दोन्ही १५४. थोडं चालतं, भरपूर दिलं तर क्लोराईड वाढून ॲसिडोसिस होतो, रक्त आम्लधर्मी बनतं. पायलोरिक स्टेनोसिससारख्या (जठराचं तोंड अरुंद झालेल्या), उलट्यांनी क्लोराईड गमावलेल्या बाळाला मात्र तेच हवं.

साखरेचं काय? निरोगी, वर्षावरच्या मुलाला तासा-दोन तासांच्या कामासाठी साधं आरएल पुरतं. भुलीच्या ताणानं साखर सहसा थोडी वरच जाते. लहान तान्ही, लांब उपास झालेली, कुपोषित, यकृताचा आजार असलेली किंवा लांब चालणारी केस असेल तर १ टक्का ग्लुकोज असलेलं आरएल करा. बाजारात ते सहज मिळत नाही, घरीच बनवायचं: ५०० मिली आरएलच्या बाटलीतून २० मिली काढून टाका, २५ टक्के डेक्स्ट्रोज २० मिली घाला, उलटसुलट करून नीट मिसळा. ५ ग्रॅम ग्लुकोज ५०० मिलीत, म्हणजे बरोबर १ टक्का. आणि लगेच बाटलीवर चिकटपट्टी लावून काय घातलं, किती, कधी, कुणी हे लिहा. बिनलेबलची बाटली मी सरळ फेकतो, कितीही शपथा घेतल्या तरी. नवजात बाळाचं १० टक्के डेक्स्ट्रोज एनआयसीयूतून (नवजात अतिदक्षता विभागातून) चालू आलेलं असेल तर ते बंद करू नका. वेगळ्या पंपावर चालू ठेवा आणि बाकीची भरपाई आरएलनं करा. ग्लुकोमीटर ट्रॉलीवर हवा, तासाला एक टोचणी. आमच्या पोराची साखर ९२ निघाली, साधं आरएल लावलं.

जाता जाता: नवजात बाळाला सेफ्ट्रिॲक्सोन आणि आरएल ही जोडी करू नका, कॅल्शियमबरोबर साका बसतो. रक्तही आरएलच्या लाइनमधून सोडू नका.

जोडणी

१० किलोच्या आतल्या मुलाला सिरिंज पंप किंवा ब्युरेट सेट (बाटलीखाली मोजपट्टीची छोटी नळी असलेला सेट). साधा सेट नको, बाटली थेट जोडणं तर नकोच. मायक्रोड्रिपची, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटची, सोय अशी की ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिली. तासाला ३६ मिली हवेत, मिनिटाला ३६ थेंब मोजा.

ब्युरेटमध्ये एका तासापुरतंच भरा आणि वरचा क्लॅम्प बंद करा. बंद केलात? पुन्हा बघा. मी पहिल्या वर्षाला असताना ६ किलोच्या बाळाचा तो क्लॅम्प अर्धवट उघडा राहिला. मी ट्यूब चिकटवण्यात गुंतलो होतो. ब्युरेट खालून रिकामं होत होतं आणि वरून भरत होतं, त्यामुळे पाहावं तेव्हा पातळी छान दिसत होती. लक्षात आलं तोवर १५० मिली गेले होते, किलोमागे २५. बाळाचं नशीब आणि मूत्रपिंड दोन्ही चांगले. पण संध्याकाळी राउंडला वडील म्हणाले, "डॉक्टर, याचे डोळे सुजल्यासारखे वाटतात का?" वाटत नव्हते, सुजलेच होते. तेव्हापासून क्लॅम्पला हात लावून 'बंद' असं मी मोठ्यानं म्हणतो, सिस्टर हसतात, हसू देत.

लाइनमधले बुडबुडे टिचक्या मारून काढा. लहान बाळाच्या हृदयातलं छिद्र अजून उघडं असू शकतं; शिरेतला बुडबुडा तिथून मेंदूकडे जाऊ शकतो.

आणि फ्लश मोजा. ५ किलोच्या बाळाचा मेंटेनन्स तासाला २०. फेंटानिल, रिलॅक्संट, अँटिबायोटिक, डेक्सा, प्रत्येकामागे २ मिलीचा फ्लश, असं दहादा झालं की तासाभराचं फ्लुइड तिथेच गेलं, आणि ते चार्टवर कुठेच नसतं. बाळांना १ मिलीचा फ्लश पुरतो. पॅरासिटामोलची १०० मिलीची बाटली तर कधीही सरळ लावू नका: मिलीला १० मिलिग्रॅम, १० किलोच्या आतल्या बाळाला किलोमागे साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे ५ किलोला पावणेचार मिली. तेवढंच सिरिंजमध्ये ओढून पंपावर लावा. बाटली लटकवून 'लक्ष ठेवतो' म्हणणाऱ्याचं लक्ष नेमकं तेव्हाच दुसरीकडे जातं.

रक्ताचा हिशेब छेद देण्याआधी

अंगातलं रक्त: कमी दिवसांच्या बाळात किलोमागे ९० ते १००, पूर्ण दिवसांच्या नवजातात ८० ते ९०, तान्ह्यात ७५ ते ८०, वर्षानंतर ७० ते ७५ मिली. आमच्या पोराचं ९ गुणिले ७५, म्हणजे ६७५ मिली. त्यातले दहा टक्के म्हणजे ६७, टपरीवरचा एक कटिंग चहा. हे मनात ठेवा म्हणजे सर्जन "काही नाही, थोडंसं उडालं" म्हणाले की तुम्ही सक्शनच्या बाटलीकडे बघाल.

किती रक्त जाऊ द्यायचं ते आधीच काढून फळ्यावर लिहा. एकूण रक्त गुणिले सुरुवातीचा आणि चालेल तो हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींची टक्केवारी) यांतला फरक, भागिले सुरुवातीचा. याचा ३३, चालेल तो २४ धरू. ६७५ गुणिले ९ भागिले ३३, साधारण १८४ मिली. तिथपर्यंतची तूट संतुलित द्रवानं भरा, गेलं त्याच्या एक ते दीड पट. जुनी तिपटीची सवय सोडा. भिजलेले गॉज वजन करा, कोऱ्याचं वजन वजा करा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. सक्शनमधून सर्जननं धुतलेलं सलाईन वजा करायला विसरू नका. पॅक्ड सेल (रक्तातल्या नुसत्या लाल पेशी) किलोमागे ४ मिली दिले की हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅमनं चढतं, हे रक्त मागवताना कामी येतं. आमच्या पोराचे गॉज भरले १५ मिली. विषय संपला.

मूल काय सांगतंय

आता अवघड भाग. केस चालू आहे, नाडी वाढली. फ्लुइड हवं आहे का?

आमच्या पोराचं तेच झालं. छेद दिला आणि नाडी ११८ वरून १४६. शेजारच्या रेसिडेंटचा हात ५० च्या सिरिंजकडे गेला. "थांब," म्हटलं, "कॉडल बसलाय का बघ आधी." ब्लॉक पुरता चढायला वेळ होता, सेव्होफ्लुरेन कमी होतं. भूल थोडी खोल केली, पाच मिनिटांत नाडी १२०. फ्लुइडचा काही संबंध नव्हता. दुखणं, हलकी भूल, ॲट्रोपिन, ताप, वाढलेला कार्बन डायऑक्साइड, हे सगळे एकाच दारातून आत येतात.

उलट बीपी. शुद्धीवरचं मूल पाव-तिहाई रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरतं, म्हणून चांगलं बीपी पाहून निर्धास्त होता येत नाही. भुलीखाली तर औषधानंही बीपी खाली येतं, म्हणून कमी बीपी म्हणजे पाणी कमी असंही नाही. एकेका खुणेला विचारू नका, सगळ्यांना एकत्र बसवा: नाडी, बीपी, छातीवर दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, तळपाय गार की ऊबदार, कापनोग्राफचा (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा) आकडा अचानक उतरला का, पल्स ऑक्सिमीटरची लाट व्हेंटिलेटरच्या श्वासाबरोबर लहानमोठी होतेय का. लघवी किलोमागे तासाला अर्धा ते १ मिली असेल तर बरं, पण एडीएचमुळे काही तास ती कमीच असते. निव्वळ लघवी काढण्यासाठी सलाईन ओतत राहू नका.

खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर बोलस: किलोमागे १० मिली, संतुलित द्रव, हातानं सिरिंजनं, दहा-पंधरा मिनिटांत. मग थांबा आणि पुन्हा तेच सगळं पाहा. नाडी उतरली, पाय ऊबदार झाले, तर अंदाज बरोबर होता. काहीच बदललं नाही तर दुसरा बोलस देण्याआधी कारण शोधा. फुप्फुसात खरखर आली किंवा यकृताची कड खाली सरकली तर बंद.

मोठ्यांच्या ओटीतून आलेले रेसिडेंट विचारतात, पल्स प्रेशर व्हेरिएशन (श्वासागणिक वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर किती बदलतं ते) का नाही पाहायचं? मोठ्यांमध्ये ते चांगलं चालतं, कारण व्हेंटिलेटरचा दाब छातीत नीट पोचतो. मुलाची छातीची भिंत मऊ, फुप्फुसं लवचीक, धमन्या रबरासारख्या. श्वासाचा दाब मधेच विरून जातो आणि आकडा फसवतो. २०१३ साली मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात खात्रीनं टिकलं ते एकच माप: महाधमनीतल्या रक्तप्रवाहाच्या कमाल वेगात श्वासागणिक होणारा फरक, इकोवर मोजलेला. सेंट्रल व्हेनस प्रेशर (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) तर नापासच झालं. हा फरक किती टक्क्यांवर गेला की फ्लुइड लागू पडेल? २००८च्या एका अभ्यासात १२ टक्के, पण वेगवेगळ्या अभ्यासांत तो ७ पासून २० पर्यंत येतो, त्यामुळे एका आकड्यावर जीव टाकू नका. आणि हे माप चालतं ते पूर्ण व्हेंटिलेटरवर, नियमित लयीच्या हृदयात, छाती बंद असताना. तालुक्याच्या ठिकाणी इको नसेल तर वरच्या खुणा आणि १० मिलीचा बोलस हीच तुमची चाचणी.

इकोवाल्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. निरोगी मुलाचं हृदय फ्लुइड दिलं की बहुधा जास्त रक्त फेकतंच. 'फ्लुइड लागू पडेल' याचा अर्थ 'फ्लुइड हवं आहे' असा होत नाही. पाय ऊबदार, बीपी छान, आणि इको म्हणतोय प्रतिसाद मिळेल, तर मिळू दे. द्यायचं काही कारण नाही. 'थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं' ही समजूत मोडायला २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांवर तापाच्या आजारी मुलांवरचा अभ्यास पुरेसा ठरावा: ज्यांना झटपट बोलस दिले त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. ती ओटीतली मुलं नव्हती, पण बोलस हेही औषध आहे एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आजारी मूल वेगळं

वरचं सगळं ठरवून आलेल्या निरोगी मुलासाठी. सात महिन्यांचं, ७ किलोचं बाळ इंटससेप्शन (आतड्यात आतडं शिरणं) घेऊन रात्री दोनला आलं, टाळू खोल, डोळे आत, दोन दिवस उलट्या. इथे ४-२-१ बाजूला ठेवा. दहा टक्के डिहायड्रेशन धरलं तर तूट ७०० मिलींची. बोलस वॉर्डातच सुरू करा, किलोमागे १० ते २० मिली, प्रतिसाद पाहून पुन्हा; रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) आलेलं मोजून तेवढं नॉर्मल सलाईननं भरा. नाडी, रंग, लघवी सुधारल्याशिवाय इंडक्शनची घाई केलीत तर पहिल्या मिलीग्रॅमला बीपी जातं. सर्जन घड्याळ दाखवतील, वीस मिनिटं मागून घ्या. पायलोरिक स्टेनोसिसला तर वीस मिनिटं नव्हे, दिवसही मागता येतो: क्लोराईड १०० च्या वर, बायकार्बोनेट ३० च्या खाली आल्याशिवाय टेबलावर घेऊ नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर सीनियरला फोन करा, एकट्यानं हिशेब करू नका.

वॉर्डात सोपवताना

जास्त अपघात ओटीबाहेर होतात. तुम्ही काळजीनं आरएल चालवता आणि वॉर्डात गेल्यावर जुन्या ऑर्डरप्रमाणे आयसो-पी लागते, मूल उलट्या करतं म्हणून ती रात्रभर चालते. ऑर्डर स्वतःच्या हातानं लिहा: कोणता द्रव, तासाला किती, कधी बंद. शस्त्रक्रियेनंतर पाणी अंगात धरून राहतं, म्हणून मेंटेनन्सच्या ५० ते ७० टक्के पुरतं. सलाईन दिवसावर चाललं तर सोडियम तपासा. मूल झोपाळलेलं, उलट्या, डोकेदुखी असेल तर 'भुलीचा अंमल' म्हणून सोडून देऊ नका, सोडियम पाठवा. झटका आला आणि सोडियम कमी असेल तर ३ टक्के सलाईन किलोमागे २ मिली, दहा मिनिटांत, आणि सोबत सीनियर.

आमच्या पोराचा चार्ट: पहिला तास ९०, पुढचा सव्वा तास ४५ च्या गतीनं ५६, औषधं आणि फ्लश २२. एकूण १६८ मिली, किलोमागे जेमतेम १९. पावणेअकराला रिकव्हरीत. साडेअकराला डोळे उघडून रडायला लागला, तेव्हा आजीनं विचारलं, "पाणी देऊ का?" दोन चमचे साखरपाणी, मग आई. तो प्यायला लागल्यावर सिस्टरनी पिवळ्या इंट्राकॅथला (शिरेतल्या सुईनळीला) फ्लश मारून झाकण लावलं, १ मिली, आणि मी तोही चार्टवर लिहिला.